पांढरीतलं मगिद्दो

मगिद्दो मी दोन ठिकाणी पाहिलं. एक इस्राएलात, बायबलातलं खरं, निवृत्त झाल्यावर चर्चच्या सहलीबरोबर गेले तेव्हा. आणि त्याच्या कितीतरी आधी आमच्या गावात, प्रवरेच्या काठी, बोरी-बाभळींच्या गर्दीत. गावातलं मगिद्दो माझ्या आईनं बसवलं होतं. ते अजून तिथंच आहे, पण त्याची एक बाजू खाली आली आहे, आणि भावाच्या अंगणात बसले की मी तिकडे पाठ करून बसते.

आई बायबल बाई होती. म्हणजे गावोगाव पायी हिंडून बायकांना शास्त्र सांगणारी. खांद्याला पिशवी, पिशवीत भाकरी आणि गुंडाळून ठेवलेली रंगीत चित्रं. रविवारी दुपारी तिची शब्बाथ शाळा, म्हणजे पोरांचा शास्त्राचा वर्ग, असायची, आणि ती खोलीत कधीच भरली नाही. चार भिंतींत बसून लढाई समजत नाही, असं तिचं म्हणणं. ती आम्हा पोरांना घेऊन पांढरीवर चढायची.

पांढर म्हणजे जुन्या वस्तीचं टेकाड. देशावर बऱ्याच गावांना असतं. घरं पडली, त्यांच्यावर नवी बांधली, तीही पडली, असं होत होत माती चढत जाते. शेताची ती काळी आणि वस्तीची ती पांढरी. आमची पांढर कोणे एके काळी ओस पडली आणि गाव पलीकडे सरकलं. आमची आळी मात्र टेकाडाच्या पायथ्याशी, नदीच्या अंगाला राहिली. काही घरं ख्रिस्ती, काही बौद्ध, आणि मागं गेलं तर सगळेच एकमेकांचे सोयरे. गावानं आम्हाला टेकाडाखाली का बसवलं हे आई सांगायची नाही, आणि ते विचारायचं नसतं हे आम्हाला लवकर कळलं.

टेकाडावर उभं राहून ती काठीनं दाखवायची. आपण उभे आहोत हे मगिद्दो. खाली पसरलेलं काळं रान म्हणजे इज्रेलचं मैदान. प्रवरा म्हणजे कीशोन नदी. आणि मागं ओढा दोन टेंगळांच्या मधून येतो ना, ती खिंड. मिसरच्या, म्हणजे इजिप्तच्या, राजाला उत्तरेला जायचं तर त्याच खिंडीतून बाहेर पडावं लागायचं, आणि बाहेर पडलं की समोर हे टेकाड. टेकाड ज्याच्या ताब्यात, रस्ता त्याच्या ताब्यात. म्हणून जो येईल तो इथं लढला. मी पुढं आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला, पण जागा माणसाकडून काय करवून घेते हे इतकं सोपं करून मला कधी सांगता आलं नाही.

एकदा मोठा पाऊस झाल्यावर ती आम्हाला खालच्या रानात घेऊन गेली. उसाची गाडी आसापर्यंत रुतली होती. बैल गुडघ्यावर आलेले, गाडीवान शिव्या देऊन दमलेला. आई म्हणाली, बघा, लोखंडी रथांचं असंच झालं. पाऊस आला, कीशोन फुगली, काळी माती चिकट झाली, आणि ज्याच्याकडे रथ होते तोच अडकला. गाडीवानाला वाटलं ही बाई आपली टिंगल करते. त्यानं आईलाही दोन शिव्या हासडल्या.

पण आमच्या मनात बसली ती जुनी लढाई नव्हे, पुढची. जगाच्या शेवटी सगळे राजे आपापली सैन्यं घेऊन याच मैदानात जमणार, असं शास्त्रात लिहिलेलं. आई ते सांगताना आवाज खाली आणायची. मी लहान होते, तिकडचं मैदान आणि इकडचं रान यात फरक करण्याचं माझं वय नव्हतं. कित्येक संध्याकाळी मी पांढरीवर बसून क्षितिजाकडे बघत असे. धूळ उठली की सैन्यं आली असं वाटायचं. मग धुळीतून एसटी बाहेर पडायची आणि मी घरी जायचे.

दादा माझ्याहून मोठा, आणि त्याला असली भीती वगैरे नव्हती. त्याला मगिद्दोचं भुयार आवडायचं. झरा तटाच्या बाहेर, शत्रूनं वेढा घातला तर पाणी कसं आणायचं? म्हणून तिथल्या लोकांनी आतून खाली विहिरीसारखं खोदलं आणि तिथून आडवं भुयार झऱ्यापर्यंत नेलं. बाहेर शत्रू बसलेला आणि आत बाया घागरी भरतायत. हे ऐकल्यावर दादानं खुरपं घेतलं आणि आळीच्या बाजूनं, टेकाडाच्या पायथ्याला, मगिद्दोचं भुयार सुरू केलं. आईनं ते पाहिलं आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवला. मला मनातून राग आला होता, कारण माझ्या डोक्यावर ती असा हात क्वचित ठेवायची.

भुयार पोरांच्या खेळाइतकंच राहिलं असतं. पण आळीत एक पद्धत होती. नाताळाच्या आधी प्रत्येक घराला आणि मंदिराला कालवलेल्या पांढऱ्या मातीचा फडक्यानं पोतारा द्यायचा. आम्ही चर्चला मंदिरच म्हणतो. माती पांढरीचीच लागे, आणि पांढरीच्या वरच्या अंगाची माती वाईट निघे. तिच्यात राख, खापऱ्या, हाडांचे तुकडे. भिंतीला लावली की काळे डाग उठायचे. बायकांच्या लक्षात आलं, की पोरानं कोरलेल्या भोकात आत गेलं की निर्मळ माती लागते, पिठासारखी. मग दरसाल तिथूनच माती काढायची असं ठरून गेलं. वरून खणायचं कुणाच्या मनातही आलं नाही. आतून घ्यायची, आणि दर नाताळाला थोडं आणखी आत जायचं.

मी मास्तरीण होऊन नगरला गेले. आता अहिल्यानगर म्हणायचं, पण माझ्या जिभेला अजून वळण नाही. दादा गावातच राहिला. आईच्या पश्चात मंदिराची किल्ली, घंटा आणि नाताळाचा पोतारा, सगळं त्याच्याकडे आलं. घरांना पुढं ऑइलपेंट लागले, पोतारा फक्त मंदिराला उरला. पण माती भुयारातलीच. तोवर त्याचं भुयार राहिलं नव्हतं, चांगली खोली झाली होती. चार माणसं उभी राहतील एवढी.

त्या खोलीच्या छतातून एक दगडी पाटा बाहेर आला होता. कुणाच्या तरी घरातला, हजारो वर्षांपूर्वी कुणीतरी त्यावर धान्य रगडलेलं, मधोमध झिजून खोलगट झालेला. माझ्या लहानपणी त्याची नुसती कड दिसायची. नंतर बोटभर, मग वीतभर. मी प्राध्यापकांना आणून दाखवते म्हटलं की दादा हसायचा. त्या पाट्याला तो शर्ट अडकवून काम करायचा. छताला आपोआप खुंटी आली, याचं त्याला मोठं कौतुक.

इस्राएलला मी गेले ती आईसाठी. ती कधी मुंबईच्या पुढं गेली नव्हती. सहलीतल्या बाकीच्यांना जैतुनाचं तेल आणि लाकडी क्रूस घ्यायचे होते. मला टेकाडावर उभं राहायचं होतं.

उभी राहिले आणि चारी बाजूंना बघितलं. आईचं सगळं बरोबर होतं. बसनं आम्ही आलो ती खिंड मागं, टेकाड तिच्या तोंडाशी दाराच्या खांबासारखं, समोर हिरवंगार सपाट मैदान, पलीकडे डोंगरांची रांग. कीशोन कुठं, विचारलं तर वाटाड्यानं शेतांच्या कडेची झुडपांची एक ओळ दाखवली. नदी म्हणावं असं काही नव्हतं. तो म्हणाला, पाऊस येईपर्यंत ती अशीच असते. आमच्यातल्या बायका फोटो काढत होत्या. मी क्षितिजाकडे बघितलं. दूर कुठंतरी ट्रॅक्टर चालला होता आणि त्याच्यामागं धूळ उठत होती. या वयातही मी त्या धुळीत आधी सैन्यच शोधलं.

मैदानात खणल्यावर काय सापडतं, मी विचारलं. फारसं काही नाही, वाटाड्या म्हणाला. सैन्यं जाताना सगळं उचलून नेतात, उरलेलं नांगराखाली जातं. जे सापडतं ते टेकाडात. मग त्यानं आम्हाला एका मोठ्या चरापाशी नेलं. पूर्वी कुणी परदेशी माणसानं टेकाडाला वरून खालपर्यंत घातलेला चर. त्याच्या बाजूला वस्त्यांचे थर दिसत होते, एकावर एक, आणि त्यात एक थर लाल-काळा, भाजलेल्या विटांचा. त्या थरात पडलेल्या भिंतींखाली माणसांची हाडं मिळाली, स्वयंपाकाच्या भांड्यांजवळ. शत्रूनं जाळलं, की भूकंप झाला, यावर विद्वान अजून भांडतात. मला त्यांच्या भांडणाशी देणंघेणं नव्हतं. मला एवढंच दिसलं, की आम्ही लहानपणी धूळ बघायला मैदानाकडे तोंड करून बसत होतो आणि मरण पाठीमागं घरात होतं.

मग भुयार. लोखंडी जिन्यानं खाली खाली गेलो आणि आडव्या बोगद्यातून झऱ्याच्या जागेपर्यंत चाललो. आत गारवा होता. मी भिंतीला हात लावला. खडक. सगळा खडक, छिन्नीच्या खुणा असलेला. दादाचं भुयार मातीचं होतं आणि हे खडकाचं. हा फरक आईच्या नकाशात नव्हता. मी तिथं, जमिनीच्या पोटात, हात भिंतीवर ठेवून उभीच राहिले. बरोबरच्या बाईला वाटलं मला धाप लागली.

वर आल्यावर एका कडेला काही मुलंमुली खणत होती. चौकोनी खड्डे, दोन खड्ड्यांमध्ये न खणलेली भिंत ठेवलेली, कडेला वाळूच्या पिशव्या आणि दोरी. धुळीनं माखलेली टोपी घातलेल्या एका पोरीला मी माझ्या शाळेच्या इंग्रजीत विचारलं, खालून का नाही खणत? तिला मी वेडी वाटले असणार. खालून खणलं तर वरचं अंगावर येईल, ती म्हणाली. उभ्या कापाखाली आम्ही बसत नाही, त्याच्या पायाला हात लावत नाही. आणि समजा पडलंच, तर कुणी लगेच पुढून धावून जात नाही, कारण एकदा सुटलेली माती पुन्हा सुटते. मदतीला जाणारेच मग सापडतात. हे तिनं अगदी सहज सांगितलं आणि परत खाली वाकून ब्रश फिरवू लागली.

परतल्यावर मी थेट गावी गेले. दादाला सगळं सांगितलं, हातवारे करून, वहीच्या पानावर आकृती काढून. तो ऐकत होता, कौतुकानं. तेच मला नको होतं.

"आमची भूगोलाची बाई मगिद्दो बघून आली," तो वहिनींना म्हणाला. "आन् आता आमच्या मगिद्दोत खोट काडती."

"दादा, ते खडकात आहे. आपलं मातीत आहे. तोंड दगडांनी बुजवून टाक."

"आईनं बघितल्यालं भुयार हाय ते. मी कसं बुजवू?"

"आईनं बघितलं तेव्हा त्यात कोंबडी मावत होती."

त्यावर तो खूप हसला. मग म्हणाला, बुजवू, पण नाताळानंतर. यंदाचा पोतारा होऊ दे. माझं आणि वहिनींचं फारसं कधी जमलं नाही. मी आले की दादा माझ्याशीच बोलत बसायचा, आणि त्या चुलीपाशी. शिकलेली नणंद म्हटल्यावर त्यांनी मला कायम मान दिला, आणि त्या मानाचा मला कधीकधी वैताग यायचा.

त्या वर्षी दिवाळीनंतर अवकाळी आला. नुसता शिडकावा नव्हे, चांगला दोन दिवस ठाण मांडून बसला. कांदा झोपला, ऊसतोडीच्या टोळ्यांच्या कोपींत, पाचटाच्या झोपड्यांत, पाणी शिरलं, कारखान्याच्या रस्त्यावर ट्रॉल्या रुतल्या. डिसेंबर लागल्यावर मी गावी गेले तेव्हा सगळं वाळलं होतं. मी एकटीच पांढरीवर चढले. वर, कडेपासून जरा मागं, एक भेग होती. टाचेला पडते तशी, वेडीवाकडी, पण कडेला समांतर, या टोकापासून त्या टोकापर्यंत. शेळ्यांच्या लेंड्या तिच्यात पडल्या होत्या. मी बाभळीची एक वाळकी फांदी तिच्यात घातली. माझा हात संपला, फांदी संपली, तळ लागला नाही.

मी तिथं बसले. माझ्या पायाखाली ती खोली होती, आणि त्या खोलीच्या छतात तो पाटा. आजूबाजूला अगदी शांत होतं. खाली आळीत कुणीतरी नाताळाच्या गाण्यांचा सराव करत होतं आणि एकच ओळ पुन्हा पुन्हा चुकत होतं. मला खाली जायची भीती वाटली आणि वर बसायचीही.

दादाला हात धरून आणलं. त्यानं भेग बघितली, कमरेवर हात ठेवले, आणि त्याचा चेहरा खुलला. काय करायचं ते त्याला लगेच समजलं होतं. आमची जुनी घरं माळवदाची, मातीच्या सपाट छताची. माळवदाला भेग गेली की तिच्यात पांढरी माती भरायची, वरून पाणी मारायचं आणि धुम्मसानं ठोकून घट्ट करायचं. दादानं आयुष्यभर आळीतली माळवदं अशी सांधली होती. त्यानं टेकाडालाही तेच केलं.

"अरे हे छप्पर नाही," मी म्हणाले.

"आतनं बघ की. छप्परच हाय."

त्यानं भुयारातूनच माती काढली, वर नेली, भेग भरली, आणि रोज सकाळी दोन हंडे पाणी तिच्यावर ओतलं. माती पाणी पीत राहिली. तो म्हणायचा, मुरतंय. शेवटी वरचा भाग सपाट, गुळगुळीत झाला. भेग होती कुठं हेही सांगता येईना. मी रागानं नगरला निघून आले. फोनवर वहिनींना म्हटलं, त्याला आत जाऊ देऊ नका. त्या म्हणाल्या, "आयकत्यात व्हय माजं?"

नाताळाच्या आधीच्या शनिवारी मी परत गेले. सकाळचं कोवळं ऊन होतं. मंदिरासमोर बायका जमल्या होत्या, आतल्या भिंती होऊन गेल्या होत्या, समोरच्या भिंतीला माती कमी पडली. मी दिसल्यावर दादानं लांबूनच "सलाम, बाई!" म्हणून हात उचलला. दुसऱ्या हातात घमेलं होतं.

"शेवटची दोन घमेली," तो म्हणाला. "मंग तूच बुजव तुज्या हातानं."

मी त्याच्या मागं निघाले, बोलत, भांडत. वहिनी आमच्या मागं रिकामी पाटी घेऊन. भुयाराच्या तोंडाशी मी थांबले. दादा आत गेला. त्यानं शर्ट काढून पाट्याला अडकवलेला मी पाहिला. पाटा आता हातभर बाहेर होता. मी म्हटलं, दादा, तो दगड बघ. तो म्हणाला, बघतोय गं.

मोठा आवाज झाला नाही. भरलेलं पोतं कुणीतरी जमिनीवर टेकवावं तसा आवाज झाला. मग तोंडातून धूळ बाहेर आली, माझ्या डोळ्यांत गेली, आणि डोळे उघडले तेव्हा भुयार नव्हतं. मातीचा उतार होता. त्याच्यावर, उंचावर, टेकाडाचा उरलेला भाग पुढं झुकून उभा होता.

माणसं धावली. सगळ्यांत पुढं माझा भाचा, दादाचा मुलगा. टेम्पो चालवतो, अंगानं दणकट. त्याच्या हातात फावडं होतं. तो सरळ उताराकडे गेला आणि मी त्याच्या आडवी झाले.

"वरून! वरून खणा! मागं या, भेगेच्या मागून खणा!"

"आत्या, सरक!"

"दुसरं पडेल. अजून पडायचं आहे ते!"

त्यानं मला ढकललं. मी त्याचा शर्ट धरला, बटणं तुटली, पण सोडला नाही. मी काय ओरडत होते ते मला आठवत नाही. लोक थबकले, काही माझ्याकडे बघत होते, काही उताराकडे. त्या टोपीवाल्या पोरीचं वाक्य माझ्या डोक्यात वाजत होतं आणि ते खरं ठरेल की खोटं, कोणतं बरं, हे मला कळत नव्हतं. तो माझा भाऊ होता. मी त्याच्याकडे जाणाऱ्यांना अडवत होते.

वहिनी तोंडाशी गुडघ्यावर बसल्या होत्या, दोन्ही तळवे मातीवर ठेवून, मान खाली घालून. त्या उठल्या. मुलाजवळ आल्या आणि त्याचा दंड धरला.

"आत्या म्हनत्यात तसं कर," त्या म्हणाल्या. "वर चल."

त्यांनी माझी बाजू घेतल्याचं मला आयुष्यात हे पहिल्यांदाच दिसलं. भाचा आईकडे बघत राहिला. त्या त्याला ओढत होत्या, वळून न बघता. त्याच्या मागं बाकीचे निघाले. आम्ही टेकाडाला वळसा घालून अर्ध्या वाटेवर असू तेव्हा झुकलेला भाग खाली आला. आम्ही जिथं उभे होतो तिथं, फावडं पडलं होतं तिथं. पायाखालची जमीन हलली.

मग भेगेच्या मागून खणायला घेतलं. मी सांगत होते, इथून, पायऱ्या करत, कड सोडून. आळीतले, गावातले, कारखान्यावर चाललेले तोडकरीसुद्धा थांबले. खापऱ्या निघत होत्या, रांजणांचे काठ, राखेचा एक काळा थर, शंखाची बांगडी, मणी. आयुष्यभर ज्यासाठी मी प्राध्यापकांना बोलावणार होते ते सगळं फावड्यानं बाजूला उडत होतं आणि मला त्याच्याकडे बघवत नव्हतं. दुपार कलली तेव्हा आधी शर्ट सापडला, पाट्याला अडकलेला तसाच. मग दादा. त्याच्या हातात घमेल्याचा कान होता.

नाताळाच्या आधीच त्याला पुरलं. मंदिराची समोरची भिंत तशीच राहिली, अर्धी पांढरी, अर्धी मातकट. पाळकसाहेबांनी प्रार्थनेत सांगितलं की बाईंच्या प्रसंगावधानानं आळीतले कितीतरी जीव वाचले. लोक येऊन माझे हात हातात घेत. ज्या बायकांचे नवरे फावडी घेऊन धावले होते त्या रडत माझ्या पाया पडायला वाकल्या. मी त्यांना उठवलं. मला कुठंतरी जाऊन जोरात ओरडायचं होतं आणि तशी जागा गावात नव्हती.

भाचा वर्षभर माझ्याशी बोलला नाही. मग एके दिवशी टेम्पो घेऊन नगरला आला, दाराशी उभा राहिला आणि म्हणाला, "आत्या, च्या कर." मी केला. तो चहा प्याला आणि गेला.

यंदा डिसेंबरात मी गावी गेले ती वहिनींनी बोलावलं म्हणून. दादाच्या कबरीला पोतारा द्यायचा होता. माती आणायला कुठं खणायची गरज नव्हती. पायथ्याशी ढिगारा पडलाच होता, मोकळा, चाळून घेतला की झालं. वहिनींनी पाटी भरून आणली होती. आम्ही दोघी कबरीच्या दोन बाजूंना बसलो. नदीकडून गार वारा येत होता. त्यांनी माती कालवली, फडकं बुडवलं, आणि डोक्याकडून सुरुवात केली. मी पायाकडून.

"वन्सं," त्या म्हणाल्या. हात थांबला नव्हता. "त्या दिशी आतनं तुमाला काय आयकू आलं हुतं का?"

"नाही, वहिनी." खरंच आलं नव्हतं. मी ओरडत होते, लोक ओरडत होते. "काहीच नाही. लगेच गेला असेल तो. त्याला कळलंसुद्धा नसेल."

त्यांनी फडकं परत बुडवलं, पिळलं. एक खापरी मातीत राहून गेली होती, ती नखानं काढून बाजूला टाकली.

"मला हाक आली हुती," त्या म्हणाल्या. "हात ठिवला हुता ना मातीवर, तवा. माज्या नावानं मारली. लगीन झाल्यापास्नं कदी नावानं बोलावलं न्हाई, अगं-अगं करायचे. त्या दिशी नाव घेतलं. दोन येळा."

माझ्या हातातलं फडकं थांबलं.

"पन पोरगं तोंडाशी उभं हुतं," वहिनी म्हणाल्या, आणि राहिलेल्या बाजूला पोतारा द्यायला सरकल्या.